गावाचा पाणी-अभ्यासगट कसा तयार करावा: माणसं निवडण्यापासून ग्रामसभेत ताळेबंद मांडेपर्यंत

पर्यावरण दिनाला शाळेत भाषण होतं, वृक्षारोपणाचे फोटो निघतात, सरपंचांचा सत्कार होतो आणि सप्टेंबरपर्यंत त्यातलं निम्मं रोप शेळ्यांनी खाल्लेलं असतं. त्या दिवशी जे सांगितलं गेलं ते खोटं नसतं. पण ते कुठल्याही गावात सांगता आलं असतं, म्हणून ते आपल्या गावाचं वाटत नाही. गावात पर्यावरणाचं शिक्षण रुजवायचं असेल तर बाहेरच्या वक्त्यापेक्षा गावातलीच आठ-दहा माणसं तयार करावी लागतात आणि त्यांच्या हातात गावाचे स्वतःचे आकडे द्यावे लागतात. त्याची पद्धत इथे मांडतो. उदाहरण घेतलंय पाण्याचं आणि गाव धरलंय मराठवाड्यातलं किंवा अहिल्यानगर-सोलापूरकडचं, काळ्या खडकावरचं, कमी पावसाचं. कोकणात किंवा जंगलपट्ट्यात विषय बदलेल, पण क्रम बराचसा हाच राहील.

आधी एकच विषय

कचरा, पाणी, झाडं, प्लास्टिक, सौरऊर्जा असं सगळं एकदम हाती घेणारे गट सहा महिन्यांत विरतात. एक विषय, एक वर्ष. विषय असा हवा की जो मोजता येतो, ज्याची झळ घरात बसते आणि ज्याबद्दल गावाला काही ठरवता येतं. हवामान बदल पहिल्या दोन कसोट्यांना कसाबसा उतरतो, तिसरीला उतरत नाही. विहिरीचं पाणी तिन्हीला उतरतं.

एकच विषय धरलेल्या गावांची दोन उदाहरणं कोकणात आहेत. मंडणगड तालुक्यातल्या वेळासने ऑलिव्ह रिडले कासवं घेतली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या साथीने घरटी राखली आणि पुढे कासव महोत्सव उभा केला. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका कांदळवनाच्या जाती आणि पक्षी ओळखायला शिकल्या, होडी वल्हवायला शिकल्या आणि आता येणाऱ्या पर्यटकांना खाडी समजावून सांगतात. दोन्हीकडे विषय एकच होता आणि तो गावाच्या वेशीपलीकडचा नव्हता.

माणसं कोण घ्यायची

सात ते दहा जण. त्याहून जास्त झाले की ती सभा होते. सरपंच गटात असले तरी चालतं, गटाचे प्रमुख मात्र नसावेत. निवडणुकीनंतर पॅनेल बदललं की त्यांच्यासोबत गटही जातो.

माझ्या यादीत पहिलं नाव ग्रामपंचायतीच्या पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचं असतं. टाकी किती वेळात भरते, कुठल्या वाडीत पाणी चढत नाही, मार्चमध्ये मोटर किती मिनिटांत हवा ओढायला लागते, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं आणि त्याला कुणी विचारलेलंही नसतं. त्यानंतर मेंढ्या किंवा गुरं राखणारा एक जण, कारण ओढ्यातलं पाणी कुठल्या डोहात किती दिवस टिकतं ते त्याच्या पायाला ठाऊक असतं. बचत गटाची हिशेब लिहिणारी ताई, आशा किंवा अंगणवाडी सेविका, शाळेतले एक शिक्षक, एक बागायतदार, एक कोरडवाहू शेतकरी आणि मोबाईल नीट चालवणारा एखादा पोरगा किंवा पोरगी. बागायतदार मुद्दाम घ्यायचा. जास्त पाणी उपसणारा माणूस गटाबाहेर राहिला की पहिल्याच बैठकीत तो विरोधी पक्ष होतो.

निम्म्या बायका हव्यात, हे सगळेच म्हणतात. त्यासाठी बैठकीची वेळ बदलावी लागते, हे थोडे म्हणतात. रात्री आठला देवळात बैठक ठेवली तर बायका येणार नाहीत, आणि आल्या तरी बोलणार नाहीत. दुपारी दोन ते चार, शाळेत किंवा अंगणवाडीत ठेवा. खुरपणी-काढणीच्या दिवसांत बैठक ठेवूच नका, रोज बुडवून कुणी येणार नाही.

गट ठरला की ग्रामसभेत साधा ठराव करून घ्या. त्यात एक वाक्य आवर्जून असावं: हा गट अभ्यास करून माहिती मांडेल, निर्णय ग्रामसभा घेईल. ही शिकवण गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना पाठ आहे, पण त्यामागे अनेक वर्षं चाललेले अभ्यासगट होते. गटात बसून विषय समजून घ्यायचा आणि निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला तेव्हा गावाला कायदा नव्याने समजावून सांगावा लागला नाही, त्याचं कारण हे अभ्यासगट. ठरावातलं हे वाक्य गटाचं संरक्षणही करतं. 'तुम्ही कोण आम्हाला सांगणारे?' या प्रश्नाला त्यात उत्तर आहे.

पहिलं प्रशिक्षण शिवारात

एप्रिलमध्ये सुरुवात करा. विहिरी तळाला गेलेल्या असतात, खडक उघडा दिसतो आणि पावसाळ्याआधी दीड-दोन महिने हातात मिळतात.

पहिल्या दिवशी प्रोजेक्टर नको. सकाळी सातला माथ्यावर जमायचं आणि पाण्याच्या वाटेने गावाच्या शिवेपर्यंत उतरायचं. वाटेत तीन-चार विहिरींवर थांबायचं आणि आत वाकून पाहायचं. वर माती, मग मुरूम, त्याखाली कुठे मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा खडक, कुठे अखंड काळा पाषाण, मध्येच गेरूचा लाल पट्टा. झरा कुठल्या थरातून येतोय ते दाखवायला सांगा. विहीर खणणारं एखादं जुनं माणूस सोबत असेल तर प्रशिक्षकाने गप्प बसावं. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग या लाव्हाच्या खडकावर आहे. तो वाळूसारखं पाणी साठवत नाही. भेगांत आणि झिजलेल्या थरांत जेवढं मावेल तेवढंच. शंभर मीटरवरच्या दोन विहिरींत एकीला पाणी आणि दुसरी कोरडी, याचा उलगडा इथे होतो. 'नशीब' हा शब्द इथून पुढे गटाच्या बोलण्यातून कमी होतो.

दुपारी शाळेच्या पटांगणात रांगोळीने शिवाराचा नकाशा काढायचा. ओढा, पाझर तलाव, बंधारे, विहिरी, बोअर, वस्त्या. नकाशा बायकांनी काढायला घ्यावा, पुरुषांनी नंतर दुरुस्त्या सुचवाव्यात. उलट केलं तर एक जण खडू धरतो आणि बाकीचे बघत बसतात. बोअर दाखवताना हात आखडतात, त्याचा आग्रह धरू नका. पहिल्या दिवशी निम्म्या बोअर लपलेल्याच असतात.

मोजायला शिकवणं

इथे घाई करू नका. सगळ्या कामाचं वजन यावर आहे.

पाऊस. सरळ भिंतीची दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या. निमुळती होते तिथे कापा आणि वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. तळ उंचसखल असतो, म्हणून आधी खडी आणि थोडं पाणी घालून तिथे शून्याची खूण करा. बाहेर मोजपट्टी चिकटवा. बाटलीचं तोंड आणि पोट एकाच रुंदीचं असल्यामुळे आत एक सेंटिमीटर पाणी चढलं म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. वाचून झालं की शून्याच्या खुणेपर्यंत ठेवून बाकीचं ओतून द्यायचं. जागा मोकळी हवी, झाड किंवा भिंत जेवढी उंच त्याच्या निदान दुप्पट लांब. पागोळ्या पडतात तिथे ठेवलेली बाटली विक्रम मोडते. नोंद रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठलाच बदलतो. वेळ जुळली तरच आकडे ताडून पाहता येतात. अशा तीन बाटल्या ठेवा: माथ्याला, गावठाणात, खालच्या शिवेला. शून्य पाऊस असला तरी शून्य लिहायचं. कोरी जागा आणि शून्य यात फरक आहे, हे पहिल्या महिन्यात पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

या नोंदीचा एक व्यवहारी उपयोगही आहे. २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी, ती मोजली जाते महसूल मंडळाच्या केंद्रावर, आणि ते केंद्र आपल्या गावापासून दहा-पंधरा किलोमीटर दूर असू शकतं. आपल्या बाटलीतला आकडा सरकारी पुरावा होत नाही. पण 'आमच्याकडे जास्त पडला' याऐवजी तारखेसह आकडा सांगणाऱ्या गावाचं तलाठी, कृषी सहायक जरा वेगळं ऐकून घेतात.

विहीर. दहा-बारा विहिरी निवडा: वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातल्या, शिवाय पिण्याच्या पाण्याची. मीटर-टेपच्या टोकाला वजन बांधा. विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि दर वेळी तिथूनच टेप सोडा. कठड्याची उंची वजा केली की जमिनीपासून पाणी किती खोल ते मिळतं. दुसऱ्या माणसाने तीच विहीर लगेच पुन्हा मोजायची. दोघांच्या मापात पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. हा सराव अर्धा दिवस करून घ्या, कंटाळा येईपर्यंत.

आता खरी मेख. विहीर केव्हा मोजायची? सकाळी, असं सगळी पुस्तकं सांगतात. पण शेतीपंपाची वीज पाळीपाळीने येते. रात्रपाळीचा आठवडा असेल तर रात्रभर मोटर चाललेली असते आणि सकाळी पातळी सर्वांत खाली गेलेली असते. पुढच्या महिन्यात दिवसपाळीच्या आठवड्यात मोजलं तर पाणी वाढल्यासारखं दिसतं आणि बंधाऱ्याला श्रेय मिळतं. म्हणून फिडरचं वेळापत्रक पाहून मापाचा दिवस ठरवा, आणि वहीत एक रकाना ठेवा: 'मोटर शेवटची किती तासांपूर्वी बंद केली?' हा रकाना मालकाशी बोलल्याशिवाय भरता येत नाही, आणि त्या बोलण्यातच निम्मं लोकशिक्षण होऊन जातं.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. आपल्या परिसरातली त्यांची विहीर कोणती ते जिल्हा कार्यालयात विचारा आणि शक्य असेल तर त्याच विहिरीवर आपलंही माप ठेवा. बोअरमध्ये टेप सोडू नका, केबल आणि पाइपात अडकतो. बोअरसाठी फक्त एवढंच लिहा: सलग किती तास चालते आणि कुठल्या महिन्यापासून उचक्या खाते.

आकड्यांशी दोस्ती

गटातल्या प्रत्येकाला, सही कष्टाने करणाऱ्या काकांनासुद्धा, एक हिशेब तोंडपाठ यायला हवा. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला की १० हजार लिटर पाणी होतं. बाकी सगळं यातून निघतं.

समजा गावाचं क्षेत्र ८०० हेक्टर आणि पाऊस ५०० मिलिमीटर. म्हणजे ४०० कोटी लिटर, अधिकाऱ्यांच्या भाषेत ४ हजार टीसीएम (एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर). लोकसंख्या १५००, माणशी रोज ५५ लिटर धरले तर वर्षाला साधारण ३ कोटी लिटर, म्हणजे पडलेल्या पावसाच्या एक टक्क्याहून कमी. तरी मे महिन्यात टँकर. मग पाणी जातं कुठे? बरंच बाष्प होऊन उडतं, बरंच ओढ्याने वाहून जातं, काही मुरतं, आणि मुरलेलं आपण उपसतो. इथे उसाचा हिशेब आपोआप निघतो. पाटाने पाणी दिलेल्या उसाला २ हजार मिलिमीटर धरले तर एका हेक्टरला २ कोटी लिटर. दीड हेक्टर ऊस म्हणजे अख्ख्या गावाचं वर्षभराचं पिण्याचं पाणी. हा आकडा गटाने स्वतः फळ्यावर काढला पाहिजे. प्रशिक्षकाने सांगितला तर तो उसाविरुद्धचा प्रचार ठरतो. गटातल्या बागायतदाराने काढला तर खोलीत जी शांतता पसरते ती मोलाची असते.

पुढे कोणती पिकं किती एकर घ्यायची, या प्रश्नावर हिवरे बाजारचं उदाहरण सांगा. पोपटराव पवारांच्या गावात पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद, म्हणजे किती पाणी आहे आणि किती लागेल याचा हिशेब, मांडतात आणि त्यावर पीकपद्धती ठरते. पण गावाला सहलीला नेऊन फेटे बांधून परत आणण्याची जी पद्धत पडली आहे, तिचा फायदा थोडा. न्यायचंच असेल तर गटाने आधी स्वतःच्या चार महिन्यांच्या नोंदी घेऊन जाव्यात. मग तिथे प्रश्न वेगळे विचारले जातात.

बोलायला शिकवणं

मोजता येणं आणि गावासमोर बोलता येणं ही दोन वेगळी कौशल्यं. प्रत्येकाकडून दोन्हीची अपेक्षा नको. मेंढपाळ अप्पा भाषण करणार नाहीत, पण शिवारफेरीत मुलांना डोह दाखवताना त्यांच्यासारखा शिक्षक नाही.

प्रत्येक सत्र वीस मिनिटांचं. त्यात गावाचा एक आकडा, सगळ्यांना माहीत असलेली एक जागा आणि उत्तर न देता सोडलेला एक प्रश्न असावा. उदाहरणार्थ: 'मारुतीच्या मळ्यातली विहीर गेल्या महिन्यात एक मीटर उतरली. विहिरीचा व्यास सहा मीटर. म्हणजे साठ्यातलं साधारण २८ हजार लिटर पाणी कमी झालं, आणि झऱ्याने आलेलं वापरलं ते वेगळंच. असंच चाललं तर ती कुठल्या महिन्यात तळ गाठेल?' लोकांना बोटांवर मोजू द्या. 'पाणी म्हणजे जीवन' इथून सुरू होणारं कुठलंही भाषण रंगीत तालमीतच थांबवा.

तालीम आपसात घ्या. एक जण बोलतो, दोघे मुद्दाम अडवतात. अडवणारे प्रश्न ठरलेलेच असतात:

'वरच्या गावाने बंधारे बांधले म्हणून आमचं पाणी तुटलं.' याला लगेच हो किंवा नाही म्हणू नये. ओढ्याचं वाहणं कधी थांबतं याची गेल्या काही वर्षांची आठवण विचारावी, यंदाची तारीख लिहावी आणि वरच्या गावाच्या गटाला भेटायचं ठरवावं.

'माझी विहीर, माझं पाणी, तू कोण विचारणारा?' हा सर्वांत अवघड. उत्तर शब्दांत देण्यापेक्षा रांगोळीचा नकाशा आणि शेजारशेजारच्या दोन विहिरींची मापं पुढे ठेवावीत. वरच्या विहिरीची मोटर चालते तेव्हा खालची उतरते का, ते दोघा मालकांच्या संमतीने एक दिवस मोजून पाहता येतं. जमिनीखालचं पाणी बांध ओळखत नाही, हे पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही, हे बंधन १९९३ च्या कायद्यापासून आहे. गटाला ते माहीत असावं. पण चर्चेत कायदा पहिल्यांदा काढला की चर्चा संपते, आणि पुढची चार वर्षं त्या घराशी बोलणं राहत नाही.

'सरकार काय करतंय?' हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देणं हे गटाचं काम नाही. प्रश्न लिहून घ्या आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात जाऊ द्या.

एक पथ्य काटेकोर पाळायचं. फलकावर विहिरींचे क्रमांक लिहायचे, मालकांची नावं नाहीत. कोणाची विहीर कोणती हे गावाला कळतंच. तरीही नाव लिहिणं आणि न लिहिणं यात गावात फार अंतर असतं.

शाळा

सहावी-सातवीच्या मुलांना गावठाणातली बाटली सोपवा. ती साडेआठला चुकत नाहीत. शिक्षक बदलून जातात, म्हणून शाळेची वही शाळेत आणि तिची नक्कल ग्रामपंचायतीत. मुलांकडून घोषणा देत फेरी काढून घेण्यापेक्षा रोजचा आकडा चौकातल्या फळ्यावर लिहून घ्या. चहाच्या टपरीसमोर तो फळा लागला की दोन आठवड्यांत बाप्ये मंडळी पोरांना विचारायला लागतात, 'काल किती झाला रे?' आणि चुकीचा वाटला तर वादही घालतात. वाद घालायला लागले म्हणजे फळा वाचला जातोय.

ग्रामसभेचं वेळापत्रक

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभा गावाच्या सवयीच्या आहेत. गटाचं वर्ष त्यांनाच बांधा. १ मेला शिवारफेरीचा नकाशा आणि तळाला गेलेल्या विहिरींची मापं. १५ ऑगस्टला पावसाचा आकडा, फक्त पाच मिनिटं, त्या दिवशी कुणी जास्त ऐकत नाही. २ ऑक्टोबरची ग्रामसभा सर्वांत महत्त्वाची: पाऊस जवळपास संपलेला, रब्बीची पेरणी व्हायची आहे, विहिरी भरलेल्या. त्या दिवशी ताळेबंद मांडायचा. पुढे २६ जानेवारीला उन्हाळी पिकांचा आणि टंचाईचा विषय.

विषय नोटीस निघण्याआधी ग्रामसेवकांकडे देऊन विषयपत्रिकेत घ्या. 'आयत्या वेळचे विषय' म्हणून मांडलेलं काहीही निम्मी माणसं उठल्यावर येतं. ग्रामसभेआधी होणाऱ्या महिला सभेत हेच आकडे आधी मांडा. पिण्याच्या पाण्याचा मुद्दा तिथून ठरावाच्या रूपात आला तर मुख्य सभेत त्याला बगल देणं अवघड जातं.

पहिल्या वर्षी पीकबदलाचा ठराव होईल अशी आशा धरू नका. पिण्याच्या विहिरीभोवती उपसा कमी ठेवणं, मार्चनंतर नवीन भाजीपाला न लावणं, दोन बंधाऱ्यांचा गाळ काढणं, एवढं झालं तरी पुष्कळ.

गट टिकवायचा तर

खर्च फार नाही: टेप, वह्या, फळा, रंग, चहा. ग्रामपंचायत विकास आराखड्यात एक छोटी ओळ घालून घ्या, देणगीदार शोधत बसू नका. मानधनाचा प्रश्न मात्र येईल. माझं मत असं की मोजणाऱ्याला पेट्रोलचे पैसे द्यावेत, बोलणाऱ्याला काही नको.

गट तयार झाला का, हे प्रमाणपत्रावरून कळत नाही. ऑक्टोबरनंतर गटातल्या कुणालाही अचानक विचारून पाहा: यंदा आतापर्यंत पाऊस किती, पिण्याच्या विहिरीत पाणी किती खोल, एप्रिलमध्ये किती होतं, आणि हे तुला कसं कळलं? चौथ्या प्रश्नाला 'मी मोजलं' किंवा 'अमक्या ताईंनी मोजलं, वहीत आहे' असं उत्तर आलं तर प्रशिक्षकाची गरज संपत आली. 'साहेबांनी सांगितलं' असं आलं तर पुन्हा टेप घेऊन विहिरीवर जायचं.

दुसऱ्या वर्षी गटातले दोन-तीन जण बदलतील. नोकरी, लग्न, भांडण, काहीही कारण असतं. म्हणून पहिल्याच वर्षी प्रत्येकाने सोबत एक जोडीदार ठेवायचा, जो महिन्यातून एकदा मापाला येतो. शेजारच्या गावाने बोलावलं तर प्रशिक्षकाने मागे राहावं आणि पाणी सोडणाऱ्या भाऊंना आणि हिशेबवाल्या ताईंना पुढे पाठवावं. जाताना वही न्यावी, पीपीटी नको. आणि उन्हात वर्षभर राहिलेल्या बाटल्या ठिसूळ होऊन तडकतात, त्या दर मे महिन्यात बदलाव्यात.